मागच्या सीटसाठी गाडी

नोव्हेंबरची नऊ तारीख, रविवार. रक्कम अठ्ठ्याहत्तर हजार रुपये, रोख. हजर चौघे होतो: मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि मलाजखंडहून गाडी घ्यायला आलेला एक तरुण. तो तिथल्या तांब्याच्या खाणीत एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, आमच्या घरासमोर मी त्या दिवशी माझी एकशे साठ सीसीची मोटरसायकल त्याला विकली. चौदा महिन्यांपूर्वी ती मला सगळा खर्च धरून एक लाख बत्तीस हजारांना पडली होती. चोपन्न हजारांचा खड्डा. तरुणाने किल्ली फिरवली, एकदा रेस केली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत अशी नेली की समोरच्या घरातली कोंबडी उडून भिंतीवर बसली.

"पाहा भाऊजी," साळा म्हणाला, "गाडी अशी चालवत असतात. तुम्ही तिले म्हशीसारखी हाकत होते."

बायको आत गेली आणि तिने कुकर लावला.

ही गाडी का विकली, ते आधी सांगतो. मी शहरातल्या एका राइस मिलमध्ये हिशेब बघतो. बायको बैहर रोडवर, उकव्याच्या अलीकडे, जंगलातल्या एका गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. घरापासून शाळा अठ्ठावीस किलोमीटर. त्यातले शेवटचे तीन डांबरी रस्ता सोडून आत, मुरमाच्या वाटेने. सकाळच्या दोन बसेसपैकी पहिली फाट्यावर फार लवकर सोडते आणि दुसरी सोडते तेव्हा शाळा भरायला दहाच मिनिटं उरलेली असतात. हल्ली हजेरी मोबाइलवर लागते आणि मोबाइल कोणाचं ऐकत नाही. म्हणून सकाळी मी तिला शाळेत सोडायचो आणि परत येऊन अकराला मिलमध्ये बसायचो. मालकाने ती सवलत मला दिली होती. संध्याकाळी घाई नसते, ती बसने यायची.

हा क्रम चौदा वर्षं चालला, एका शंभर सीसीच्या गाडीवर. घरातलं जवळजवळ सगळं त्या तासाभरात ठरलं. मुलीला गणित द्यायचं की जीवशास्त्र, मागची खोली भाड्याने द्यायची की नाही, माझ्या भावाशी पुन्हा बोलणं सुरू करायचं की नाही. घरी आम्हाला वेळ नसतो असं नाही. पण घरी समोरासमोर बसलो की ती वह्या तपासते आणि मी पेपर वाचतो. गाडीवर तिचं तोंड माझ्या उजव्या कानाशी असायचं. हेल्मेटमुळे निम्मं ऐकू यायचं, तेवढ्यात काम भागायचं.

ती गाडी धूर सोडायला लागली आणि इंजिनचं काम सांगितलं गेलं तेव्हा मी हिशेब केला. जुन्या गाडीची ताकद साडेसात-आठ हॉर्सपॉवर. रस्त्यात घाट आहे, आम्ही दोघंही आता पूर्वीइतके हलके राहिलेलो नाही. साळ्याने सांगितलं, "भाऊजी, दुप्पट ताकद घ्या, अर्धा तरास." आकड्यात मला ते पटलं. म्हणून एकशे साठ घेतली.

घाटात ती खरंच छान चढायची. अडचण खालच्या गिअरमध्ये होती. ॲक्सिलरेटरची मूठ थोडी पिळली तर गाडीला काही फरक पडायचा नाही. आणखी थोडी पिळली तरी नाही. त्याच्या पुढे एक केसभर पिळली की एकदम सगळं एका झटक्यात यायचं. मी क्लचवर सांभाळायला शिकलो होतो, असं मला वाटत होतं. ऑगस्टमध्ये शाळेच्या अलीकडे, नाला ओलांडून क्षणभर थांबून पुन्हा वर चढताना, ओल्या मुरमावर पहिल्या गिअरमध्ये तो झटका आला आणि मागची सीट रिकामी झाली. बायको रस्त्यात बसलेली होती, हातात पर्स, डबा उघडून भाजी सांडलेली. शाळेची वीस-पंचवीस मुलं कुंपणापाशी उभी राहून बघत होती. मनगटाला तडा गेला होता. सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टर निघालं त्या सोमवारी सकाळी मी गाडी पुसून उभा होतो तर बायको छत्री घेऊन बसस्टँडकडे निघाली.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी ती म्हणाली, "उकव्याले खोली पाहून राह्यली मी."

"काहून?"

"आमच्या शाळेतली नवी मॅडम तिथंच राहते. तिची स्कूटी हाय. दोघी मिळून जात जाऊ. शनिवारी घरी येत जाईन."

"पोरीची बारावी हाय ना."

"म्हणून तर इतके दिवस थांबली. तीन वेळा लेट मार्क लागला. एक डिसेंबरपासून जातो म्हणते."

"मी गाडी बदलली तर?"

तिने मटारचे दाणे काढता काढता विचार केला. "बदला. बसण्यासारखी असली तर बसीन."

बसण्यासारखी म्हणजे कशी, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मला वाटलं, मला माहीत आहे. कमी ताकदीची, झटका न देणारी. एक डिसेंबरच्या आत अशी गाडी दारात उभी केली तर घर एका जागी राहील, नाहीतर आठवड्यातले पाच दिवस मी आणि मुलगी बालाघाटात आणि ती उकव्याला. इतकं ते सरळ होतं. म्हणून नऊ तारखेला तोटा सोसून गाडी काढली.

पुढचा आठवडा मिलमध्ये पायी जाता-येता मी चौकशी केली आणि जितकी केली तितका गोंधळलो. मिलमधला वजनकाट्यावरचा माणूस म्हणाला, सीसी बघू नका, टॉर्क बघा. ट्रकवाला म्हणाला, टॉर्क-बिर्क शहरातल्या लोकांचं, गाडीचं वजन बघा. माझ्या शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, ॲव्हरेज सोडून काहीही बघाल तर फसाल. मी शोरूममधून कागद आणले आणि आकडे एकाखाली एक लिहिले. एकशे दहाचा टॉर्क नऊच्या आसपास, एकशे पंचवीसचा अकराला थोडा कमी, एकशे साठचा चौदा. प्रत्येक आकड्यापुढे इंजिन किती फेऱ्यांवर असताना तो मिळतो तेही छापलेलं असतं. लहान गाडी आपल्याजवळ जे काही आहे ते लवकर देते. मोठी जास्त देते, पण उशिरा. एवढं कळलं तेव्हा मला बरं वाटलं. मग कळलं की मधल्या फेऱ्यांमध्ये ती किती देते, हळूहळू देते की एकदम, हे कुठल्याच कागदावर नसतं. मला तर तेवढंच हवं होतं.

मग मी ठरवलं की चालवूनच बघायचं. पण एकट्याने चालवून काय कळणार? एकट्याला तर ती एकशे साठही कधी वाईट वाटली नव्हती. मागे वजन पाहिजे. आमच्या भागात गाडीच्या मागच्या सीटवर बायको बसते किंवा धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, बसतो, तिसरं काही फारसं बसत नाही. बायको बसायला तयार नव्हती. सोळा तारखेला, रविवारी सकाळी, मी मिलमधून चिन्नोर तांदळाचा पन्नास किलोचा कट्टा घेतला, वर पाच किलोची थैली शिवून पंचावन्न केले आणि रिक्षात घालून शोरूमला गेलो.

सेल्समन तिशीतला, चांगला बोलका. त्याने कट्ट्याकडे पाहिलं.

"सर, ये किसलिए?"

"मेरी मिसेस की जगह."

"भाभीजी को ही ले आते."

"उन्होंने बैठना बंद कर दिया है. इसीलिए तो."

त्याने दोरी आणून दिली. दोरी घट्ट बांधायची नाही, असं मी सांगितलं. नुसती कट्टा रस्त्यात पडू नये इतकी. सीटवर जिथे कट्ट्याची मागची कड येते तिथे खडूने रेघ मारली. वैनगंगेच्या पुलाच्या चढावर जाऊन थांबायचं, पहिल्या गिअरमध्ये निघायचं, तीनदा असं करायचं आणि कट्टा रेघेच्या किती मागे सरकला ते बोटांनी मोजायचं. पद्धत मला अजूनही वाईट वाटत नाही.

लाल एकशे दहावर कट्टा दोन बोटं सरकला. निळ्या एकशे पंचवीसवर तीन. मग सेल्समनने एक काळी एकशे साठ बाहेर काढली. तिच्यात बटण दाबून ताकद कमी-जास्त करता येते. पावसाळ्यासाठी वेगळा मोड, हायवेसाठी वेगळा. पावसाळ्याच्या मोडवर कट्टा एक बोटसुद्धा सरकला नाही. मी पुन्हा तीनदा केलं. तेच.

"देखिए सर," सेल्समन म्हणाला, "बोरी का भी यही कहना है."

मी पुलाच्या कठड्यापाशी उभा राहिलो आणि मला काहीच समजेना. सर्वांत कमी ताकदीची सर्वांत मऊ असायला हवी होती. मधली मध्ये असायला हवी होती. आणि जिच्यामुळे हे सगळं झालं, तिच्याच जातीची गाडी कट्ट्याच्या हिशेबाने पहिली आली होती. मोजमापावर माझा विश्वास आहे. आयुष्यभर मी तेच केलं. सेल्समनने दोन हजार टोकन द्या म्हटलं. खिशात होते. मी ते दिले नाहीत, पण का दिले नाहीत तेही मला सांगता आलं नसतं. कट्टा रिक्षात घालून मिलमध्ये परत ठेवला.

मंगळवारी बायको शाळेतून आली, हातपाय धुतले, चहा घेतला आणि मला विचारलं, "रविवारी माझ्या जागी कोण बसलं होतं?"

आतल्या खोलीत मुलगी फसकन हसली.

"अख्ख्या शाळेले माहीत हाय. नव्या मॅडमच्या मोबाइलवर फोटो आला. तुम्ही पुलावर उभे, अन् मागं कट्टा. खाली लिवलं होतं, भाभीजी बैठ गईं."

"वजन जुळवाचं होतं."

"कितीचा होता?"

"पंचावन्न."

"माझं एकसष्ट हाय. तेबी हिशोबात चुकलं तुमचं."

"सहा किलोनं काय फरक पडते वं?"

"अन् कट्ट्याले भेव वाटते काय?"

मी म्हटलं, तुला विचारलं असतं तर तू आली असतीस का? ती म्हणाली, "इचारलं असतं तर समजलं असतं." मग ती गॅसकडे वळून इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. ऑगस्टपासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. ती माझ्यावर चिडली होती की नव्हती, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. रात्री झोपताना तिने एवढंच सांगितलं, "येत्या रविवारी मी येतो म्हणते. हेल्मेट काढून ठेवा माझं."

तेवीस तारखेला आम्ही दोघं गेलो. सेल्समनने लांबूनच पाहिलं.

"आज ओरिजिनल लाए हैं, सर!"

"वजन मत पूछिएगा," बायको म्हणाली.

मी काळ्या गाडीपासून सुरुवात केली, कारण आकड्यांत तीच पहिली होती. बायको साडीत, एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसते. शाळेत साडीच नेसावी लागते. पुलाच्या चढावर मी थांबलो, पावसाळ्याचा मोड लावला आणि निघालो. मला तर ती तुपासारखी वाटली. पन्नास पावलांवर पाठीवर थाप बसली.

"उतरवा मले."

"काय झालं? तू तर थोडीबी सरकली नाहीस."

"सरकली नाही. पण कवा सरकीन ते समजत नाही."

मी गाडी बाजूला घेतली. नदीवरून वारा येत होता, मागून ट्रॅक्टर जात होते, धान विकायला निघालेले. ती हेल्मेट काढून म्हणाली, "तुम्ही समोर पाहता. खड्डा दिसते, चढ दिसते, तुमचा हात तुमाले माहीत असते. मले काय दिसते? मी आडवी बसतो. मले झाडं दिसतात अन् लोकाईचे घरं. गाडी आता ओढणार हाय, हे मले कोण सांगन?"

"मंग आपल्या जुन्या गाडीवर कोण सांगत होतं?"

"तिचा आवाज सांगत होता. अगोदर आवाज चढे, मंग ती ओढे. तेवढ्यात मी हात घट्ट करत जाय. ह्या नव्या गाड्या आवाजबी तवाच करतात अन् ओढतातबी तवाच. ती विकली ते तर अगोदर ओढे, मंग आवाज करे."

मी तिला म्हटलं की चौदा वर्षांत तू हे कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, बोलायचं काय त्यात, मलाही ती गाडी गेल्यावरच कळलं.

मी तिथे उभं राहून काळ्या गाडीची मूठ दोनचार वेळा पिळली आणि कान देऊन ऐकलं. मला काही फरक कळला नाही. आवाज आला. कधी आला, ओढीच्या आधी की नंतर, ते उभ्या गाडीवर कसं कळणार? आणि चालवताना मी ऐकतो कुठे, मी तर करतो.

निळी गाडी रेल्वे फाटकापाशी थांबल्यावर आपोआप बंद पडली.

"बंद पडली काय?"

"नाही, पेट्रोल वाचते म्हणून थांबली की इंजिन आपोआप बंद होते. क्लच दाबला की चालू."

फाटक उघडलं, मी क्लच दाबला, गाडी आवाज न करता जिवंत झाली आणि बायकोने माझा शर्ट मुठीत धरला. "न सांगता उठते हे," ती म्हणाली. शोरूममध्ये सेल्समनने सांगितलं की ते बंद करायचा स्विच असतो. तिने विचारलं, "और आवाज का स्विच है क्या?" तो माझ्याकडे बघायला लागला. मला त्याची कीव आली, कारण मीही त्याच्याइतकाच अडाणी होतो. लाल गाडी तिला त्यातल्या त्यात बरी वाटली, पण तीही गुपचूपच वाटली. टोकनचे दोन हजार खिशात तसेच राहिले.

आता माझ्याजवळ एक आठवडा होता आणि शोधायची वस्तू अशी होती जी मला स्वतःला ओळखता येत नव्हती. अशी वेळ माझ्यावर पूर्वी आली नव्हती. तांदूळ खराब असेल तर मला हातात घेऊन कळतं. बिलात खोट असेल तर पान उलटायच्या आत कळतं. इथे मी फक्त चालवणारा होतो आणि निकाल माझ्या पाठीमागे लागणार होता.

साळ्याला फोन केला. तो रामपायलीला राहतो, बायकोचं माहेर तेच. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, "भाऊजी, ताईले म्हातारी गाडी पाह्यजे. नव्या गाड्या तिच्या कामाच्या नाहीत." मग त्याने सांगितलं की गावात सोसायटीतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे, एकशे पंचवीसची आठ वर्षांची गाडी उभी आहे, विकतील.

तीस तारखेला सकाळच्या बसने आम्ही दोघं रामपायलीला गेलो. दुसऱ्या दिवशी एक तारीख. खोलीचं नाव बायकोने काढलं नाही आणि मीही काढलं नाही, पण घरातून निघताना मी पाहिलं की तिची मोठी बॅग पलंगाखालून काढून भिंतीशी उभी केलेली होती.

काका खाटेवर बसलेले, पाय लांब. गाडी ओसरीत, जुन्या चादरीखाली. राखाडी रंग, उजव्या बाजूला एक ओरखडा, एकतीस हजार किलोमीटर चाललेली. मी टायर पाहिले, चेन पाहिली, ॲव्हरेज विचारलं, सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या. काका एकेक उत्तर देत होते. काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला विचारलं, "मागं तूच बसणार ना व माय?"

"हौ काकू."

"एका बाजूनं?"

"हौ."

"मीबी. पाय ठेवाले पट्टी हाय पाहा, माझ्या चपलेनं घासली. बस एकदा. धन्याले इचारून काय होते, थे तर समोर बसतात."

"मी इथंच हाय," काका म्हणाले.

"म्हणूनच म्हणली."

त्या दोघी गाडीबद्दल दहा मिनिटं बोलल्या आणि त्यात ॲव्हरेज, टॉर्क, वजन यांतलं काही नव्हतं. काकूंनी सांगितलं की गाडी अगोदर गुरगुरते, मग चालते; तेवढ्यात पदर खोचून होतो. वाराशिवनीच्या बाजारातून येताना मांडीवर अंड्यांचा ट्रे असायचा, एकही फुटला नाही. एक फुटला होता, काका म्हणाले. तो घरी उतरताना फुटला, काकू म्हणाल्या.

आम्ही गाडी काढली. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याने, मग नदीकडे उतरणाऱ्या वाटेने. परत येताना चढ आणि मऊ माती. मी थांबलो, जसा ऑगस्टमध्ये थांबलो होतो, आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू मूठ पिळली. गाडीत जोर होता, त्या एकशे साठच्या पाऊणपट असेल, पण तो मुठीबरोबर आला, थोडी पिळली तर थोडा, जास्त पिळली तर जास्त. हे मला कळलं. आवाज आधी आला की नंतर, ते मात्र याही वेळी कळलं नाही. मी मागे विचारणार होतो, पण विचारलं नाही. कट्ट्याच्या वेळी मी एवढं मोजलं होतं की आता विचारायची भीती वाटत होती.

चढ संपला, डांबरी रस्ता लागला, शेतांत कापलेल्या धानाचे ढीग दिसायला लागले. मागून काहीच आवाज नाही. अर्धा किलोमीटर गेल्यावर उजव्या कानाशी हेल्मेट टेकलं.

"गॅसचा नंबर लावला काय?"

"काय?"

"गॅसचा! सिलिंडर संपून राह्यलं. अन् पोरगी म्हणते तिले केमिस्ट्रीची ट्यूशन लावाची हाय. मी म्हटलं, आता डिसेंबरात कोण घेन? तुमच्या मालकाचा पुतण्या शिकवते ना, त्याले इचारा. पण फी अगोदर इचारजा, नाहीतर मागच्यासारखं..."

ती बोलत राहिली. निम्मं ऐकू येत होतं. मी हौ, हौ म्हणत काकांच्या दारापर्यंत आलो आणि तिथे न थांबता पुढच्या चौकातून आणखी एक चक्कर मारली.

काकांनी पंचेचाळीस हजार सांगितले होते. मी अडतीसपासून सुरुवात केली. ओरखडा, मागचा टायर, बॅटरी, तिन्हींचे पैसे वेगवेगळे वजा करून दाखवले. काका बेचाळीसवर आले. काकू आतून म्हणाल्या, "गावची लेक हाय, पाचशे सोडा." म्हणून साडेएकेचाळीस झाले.

आम्ही गाडीवरच बालाघाटला निघालो. वाराशिवनीच्या पुढे बायकोने सांगितलं की उकव्याच्या खोलीचे हजार रुपये तिने दहा तारखेलाच घरमालकिणीला देऊन ठेवले आहेत. दहा तारीख म्हणजे आपण गाडी विकली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

"काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही कट्टा बांधला तवा मले सांगितलं होतं काय?"

तिने पैसे दिले तेव्हा ती जायचं ठरवून बसली होती, की माझी गाडी जमली नाही तर म्हणून दिले होते? आणि ती बॅग रिकामी होती की भरलेली? मी पहिला प्रश्न विचारला.

"आता काय करता ते इचारून," ती म्हणाली. "पाहा, समोर म्हशी हायेत."

हजार परत मागायचे का, असंही विचारलं. ती म्हणाली, राहू द्या, घरमालकिणीचा नवरा आजारी आहे. शिवाय पावसाळ्यात नाला भरला तर कधी एखादी रात्र थांबता येईल. म्हणजे खोली सोडली की ठेवली? मला अजून नीट कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागे बसली आणि हजेरी वेळेत लागली.

गाडीचे एकेचाळीस हजार पाचशे रुपये मी काकांपुढे धरले होते. त्यांनी हात पुढे केला नाही, "तिच्या हाती द्या" म्हणाले. ते काकूंनी मोजून घेतले. नाव बदलण्याचे बावीसशे आरटीओच्या कामाच्या एजंटला. हजार रुपये उकव्याच्या घरमालकिणीला, बायकोच्या पगारातून. परत मागितले नाहीत.